चलानाचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापावेत का?

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका व्यावसायिक ताईंनी लिहिलं आहे. गाडी त्यांच्या नावावर आहे, पण त्या स्वतः चालवत नाहीत. सहा वर्षांपासून एक ड्रायव्हर आहेत, पन्नाशीचे, शांत स्वभावाचे, घरच्यासारखे. आठवड्यातून दोनदा तरी कामासाठी मुंबईला जावं लागतं. रविवारी ड्रायव्हरना सुट्टी असते आणि गाडी मुलाकडे असते. आरसीवर जुना मोबाइल नंबर राहून गेल्यामुळे दंडाचे मेसेज कधी दिसलेच नाहीत. गाडी विकायला काढली तेव्हा १४ ई-चलानं थकलेली निघाली, रक्कम वीस हजारांच्या वर. यजमानांचं म्हणणं, "ज्याने चालवली त्याने भरावं", म्हणून दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे कापून घ्यावेत. ताईंना ते जिवावर येतंय, पण सगळे आपणच भरले तर ड्रायव्हरना धाक राहणार नाही अशीही भीती वाटते. ड्रायव्हरना विचारलं तेव्हा ते मान खाली घालून "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणाले. ताईंचे प्रश्न दोन: पैसे कापणं योग्य आहे का? आणि कॅमेरा जवळ आला की आधी सांगणारं ॲप गाडीत लावून दिलं तर पुढचा त्रास वाचेल का? सोबत चलानांची यादी जोडली आहे.

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. पगारातून पैसे कापू नका. का नको, हे सांगायला तुम्ही पाठवलेली यादीच पुरेशी आहे.

तुमच्या यजमानांचं वाक्य ऐकायला रास्त वाटतं. पण या १४ वेळा गाडी चालवली कुणी, हे घरात कुणी तपासलं का? यादी आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन चलानं रविवारची आहेत, लोणावळ्याच्या बाजूची, रात्री अकरानंतरची. रविवारी गाडी मुलाकडे असते हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे मुलाच्या सहलीचा दंड ड्रायव्हरच्या पगारातून गेला असता, आणि त्यांनी तो मुकाट्याने जाऊ दिला असता. मान खाली घालून दिलेल्या त्या उत्तराला कबुली समजू नका. ज्याची नोकरी आपल्या हातात आहे, तो माणूस आपल्यासमोर "हे माझं नाही" असं म्हणायला दहादा विचार करतो.

लक्ष्मी रस्त्यावरची दोन चलानं नो पार्किंगची आहेत, दोन्ही संध्याकाळची, दोन्ही दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली. त्या वेळी गाडी तिथे का उभी होती हे तुम्हाला आठवेल. "पाच मिनिटांत आलेच" म्हणून आपण दुकानात शिरतो आणि ड्रायव्हर इंडिकेटर लावून बसून राहतो. गाडी पुढे न्यावी तर मॅडम शोधत बसतील, न न्यावी तर फोटो निघेल. हे दोन्ही दंड तुमचे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता वेगाची चलानं. रविवारची दोन सोडली तर सात उरतात, सगळी एक्सप्रेसवेवरची. त्यांच्या वेळा मी वेगळ्या लिहून काढल्या. सहा चलानं सकाळी पावणेआठ ते पावणेनऊच्या दरम्यानची, म्हणजे मुंबईला जातानाची. परतीचं फक्त एक. माणूस तोच, गाडी तीच, रस्ताही तोच. मग असं का व्हावं? तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे: "सातला निघतो आणि साडेनऊला बीकेसीत पोचावंच लागतं." ताई, कामाच्या दिवशी कोथरूडहून सातला निघून साडेनऊला बीकेसी, हे गणित वेगमर्यादा पाळून बसत नाही. वाशीच्या पुढे गर्दीत किती वेळ जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. म्हणून ड्रायव्हर तो वेळ आधीच, मोकळ्या रस्त्यावर भरून काढतात. संध्याकाळी परतताना कुणी घड्याळ बघत नसतं, तेव्हा तेच गृहस्थ मर्यादेत चालवतात.

कायद्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम १८३ वेगमर्यादा मोडण्याबद्दल आहे. त्यात फक्त चालवणारा धरलेला नाही. आपल्या नोकरीतल्या किंवा हाताखालच्या माणसाला मर्यादेबाहेर चालवायला लावणाराही त्याच शिक्षेला पात्र आहे. आणि त्याच कलमात पुढे असं आहे की, अमुक वेळात पोचलंच पाहिजे असं कुणी फर्मावलं असेल आणि वेगमर्यादा न मोडता त्या वेळात पोचणं शक्य नव्हतं असं न्यायालयाचं मत पडलं, तर ते फर्मान हाच फर्मावणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जाईल. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. यजमानांना मात्र जरूर वाचून दाखवा. "ज्याने चालवली त्याने" हा हिशेब कायद्याच्या दृष्टीनेही अर्धाच आहे.

शिवाय या घाईतून हाती काय लागतं तेही बघा. मोटारींसाठी एक्सप्रेसवेच्या सपाट भागात मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, घाटात त्याहून बरीच कमी. समजा सलग ५० किलोमीटर १०० ऐवजी १२० ने गाडी पळवली, आणि कुठेही ब्रेक लावावा लागला नाही, तर वाचतात पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर मात्र साधारण ४४ टक्क्यांनी वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. पुढचा ट्रक लेन बदलतोय हे ड्रायव्हरच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं, आणि मागच्या सीटवर लॅपटॉप उघडून तुम्ही बसलेल्या असता. तेव्हा पहिला बदल तुमच्याकडून हवा: साडेसहाला निघा, किंवा मीटिंग दहाची ठेवा. कॅमेऱ्यांची काळजी त्यातूनच बरीचशी मिटेल.

याचा अर्थ ड्रायव्हर अगदीच निर्दोष, असं मी म्हणत नाही. सिग्नलचं एक चलान त्यांचं आहे आणि ते मला वेगाच्या चलानांइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्याचा फोटो उघडून नीट बघा. सिग्नलच्या कॅमेऱ्याला लाल दिवा लागल्यानंतर गाडी थांबा रेषेच्या पुढे गेली का, एवढंच बघायचं असतं. म्हणून बहुधा एकाहून जास्त फोटो असतात: एकात गाडी रेषेच्या अलीकडे आणि दिवा लाल, दुसऱ्यात गाडी रेषेच्या पलीकडे. "पिवळा होता हो" हे वाक्य अशा फोटोपुढे टिकत नाही. पिवळ्याचा अर्थ 'चला, निघा' असा आपल्याकडे रूढ झालाय. खरा अर्थ, सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबा. नुसतं झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन थांबणं हाही नियमभंगच आहे, कारण चालणाऱ्याला मग गाड्यांना वळसा घालून मध्ये यावं लागतं. अर्थात फोटोत मागे रुग्णवाहिका दिसत असेल आणि तिला वाट द्यायला गाडी पुढे घेतली असेल, तर त्याच फोटोच्या आधारे तक्रार करता येते. अशा वेळी डॅशकॅम, म्हणजे गाडीत समोर लावलेला कॅमेरा, फार उपयोगी पडतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं आणि गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं हे कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात येतं. तिथे पहिल्या गुन्ह्यालाही एक हजार ते पाच हजारांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटीस मालकाच्या नावाने येते, पण पोलिसांनी मागणी केली तर त्या वेळी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं मालकावर कलम १३३ नुसार बंधनकारक आहे. ड्रायव्हरच्या दृष्टीने लायसन्स म्हणजे पोटापाण्याचं साधन. त्यांना पगारकपातीचा धाक दाखवण्यापेक्षा हे समजावून सांगणं जास्त उपयोगाचं आहे, आणि जास्त माणुसकीचंही.

सीटबेल्टच्या चलानाचाही फोटो बघा. पुढे डाव्या सीटवर कुणी बसलं असेल आणि पट्टा त्याने लावला नसेल, तर तुम्हाला वाईट वाटेल असा नियम आहे: कलम १९४ ब नुसार पट्टा न लावलेले प्रवासी घेऊन जाणाऱ्या चालकालाच दंड होतो, कायद्यात एक हजार रुपयांचा. म्हणजे साहेबांना पट्टा नको असतो आणि दंड ड्रायव्हरला. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तुम्ही मागे बसता. कृपा करून लावत जा.

आता ॲपबद्दल. नकाशाच्या ॲपमध्ये रस्त्याची वेगमर्यादा दिसत असेल तर ती जरूर चालू ठेवा, त्यात गैर काही नाही. पण कॅमेरा आला की ब्रेक आणि गेला की ॲक्सिलरेटर या सवयीसाठी ॲप लावणार असाल तर नको. एक्सप्रेसवेवर आधीच्या गाडीने कॅमेऱ्यांच्या कमानीखाली अचानक ब्रेक दाबला की मागच्याची काय तारांबळ उडते ते तुम्ही पाहिलं असेल. आणि हे डावपेच आता फारसे चालतही नाहीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून स्वयंचलित यंत्रणा सुरू आहे: रस्त्यावरच्या कमानींवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आहेत आणि ते वेगाबरोबर लेनची शिस्त आणि सीटबेल्टही बघतात. अशा यंत्रणांना दोन कमानींमधली सरासरीही काढता येते. पहिल्या कमानीखालून गाडी किती वाजता गेली, दुसरीखालून किती वाजता, मधलं अंतर किती, एवढा भागाकार केला की मधे किती पळवली ते कळतं, मग कमानीखाली कितीही सावकाश जा. नंबरप्लेट वाकवणं, आकड्यांवर पट्टी लावणं असले सल्ले कुणी दिले तर कानाआड करा. तो वेगळा गुन्हा होतो.

"हे सगळं सरकारने पैसे गोळा करायला लावलेलं आहे" हेही यजमानांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय. मला त्यांचा राग समजतो. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरोधात राज्यात संप पुकारला तो काही उगाच नव्हता. एका जागी उभ्या गाडीवर चलान पडावं आणि दाद कुठे मागायची ते कळू नये, हा अनुभव अनेकांना आलेला आहे. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले आहेत. यंत्रणा सुधारायला हवी असं म्हणणं आणि ती नकोच असं म्हणणं, यांत फार मोठं अंतर आहे.

शिवाय यंत्रणेवरही नियमांचं बंधन आहे आणि ते प्रत्येक गाडीमालकाला माहीत असावं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. त्यानुसार कॅमेरा किंवा स्पीडगन या उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. जिथे असे कॅमेरे आहेत तिथे तसा इशारा देणारे फलक लावावे लागतात, म्हणजे कॅमेरा लपून बसलेला असणं अपेक्षितच नाही. चलानासोबत नियमभंग आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, उपकरणाने नोंदवलेलं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं हे सगळं असायला हवं. घटनेनंतर १५ दिवसांत नोटीस पाठवायची असंही २०२१ च्या त्या नियमात होतं. तुमच्या बाबतीत नोटीस मिळाली नाही असं म्हणून फायदा होईलसं मला वाटत नाही, कारण मेसेज नोंदलेल्या नंबरवर गेले होते आणि नंबर बदलणं आपलं काम होतं. ते मात्र याच आठवड्यात करून टाका, परिवहनच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतं.

थकबाकी भरताना महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवरच जा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे घातले की प्रत्येक चलान फोटोसह दिसतं. नवा नंबर नोंदवल्यावर तुम्हाला व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान बाकी आहे" असा मेसेज येऊ शकतो, खाली एखादी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, जोडलेली. ती फाइल उघडली की फोनचा ताबा चोराकडे जाऊ शकतो आणि बँकेचं खातं रिकामं होऊ शकतं. खूप लोक असे फसलेत. पैसे मागणारी लिंक आली की ती तिथेच सोडायची आणि आपण होऊन सरकारी संकेतस्थळ उघडायचं. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना, ते बघायचं.

लोकअदालतीत रक्कम कमी होते म्हणून थांबावं का, असा विचार तुमच्याही मनात येईल. जी चलानं आपली आहेत हे मान्य आहे, ती तिथे तडजोडीने मिटवता येतात. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून ज्यावर तुमचा आक्षेप आहे असं चलान त्या गठ्ठ्यात घालू नका, त्याची तक्रार स्वतंत्रपणे करा. आणि तुम्ही गाडी विकताय म्हणून आणखी एक: गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तरी आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत चलानं तुमच्याकडेच येत राहतील. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. किल्ली देताना तारीख आणि वेळ घातलेली पोच लिहून घ्या. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही सौदा करण्यापूर्वी थकलेली चलानं बघावीत.

घरातला हिशेब मी असा केला असता. रविवारची दोन मुलाने भरायची, आणि भरण्याआधी त्याच्याशी रात्रीच्या त्या वेगाबद्दल बोलायचं. पार्किंगची दोन आणि मुंबईला जातानाची सहा तुमची. सीटबेल्टचंही, फोटोत पट्टा कुणाचा नाही यावर अवलंबून, बहुधा तुमच्या घरातलंच. राहिलं सिग्नलचं एक आणि परतीचं एक. ती दोन या वेळी तुम्हीच भरा, कारण ड्रायव्हरना ती कधी कळलीच नव्हती. ज्या चुकीचा त्या वेळी कुणी उल्लेखही केला नाही, तिचे पैसे एवढ्या काळानंतर मागणं बरोबर नाही.

मग एखाद्या दिवशी, गाडीत नको, घरी बसवून त्यांच्याशी बोला. फोटो त्यांनाही दाखवा. साधारण असं म्हणा: "काका, यापुढे उशीर झाला तर मीटिंगवाल्यांना फोन करून मी सांगेन की उशीर होतोय. तुम्ही वेग वाढवायचा नाही. मी 'जरा लवकर' म्हटलं तरीसुद्धा नाही." हे वाक्य तुमच्या तोंडून यायला हवं, कारण ते स्वतःहून तुम्हाला कधीच नाही म्हणणार नाहीत. त्याच वेळी हेही ठरवा की चलानाचा मेसेज आला की त्याच दिवशी दोघांनी मिळून फोटो बघायचा. सिग्नल तोडला, मोबाइल हातात धरला, तर जबाबदारी त्यांची. तुमच्या सांगण्यावरून काही झालं तर तुमची. ते गाडी चालवत असताना तुम्हीही त्यांना फोन करायचा नाही, ते थांबून करतील. असं आधी ठरलेलं असलं की नंतर त्यांना एखादा दंड भरायला सांगणंही अन्यायाचं ठरत नाही. आणि धाक राहील का, ही तुमची शंका. ज्याला "नाही, एवढ्या वेळात नाही पोचणार" असं सांगायची मुभा आहे, असा ड्रायव्हर तुम्हाला जास्त उपयोगाचा आहे.

आता राहिलं चौदावं चलान, नागपूरचं. ते मंगळवारी सकाळी साडेनऊचं आहे, आणि त्याच मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तुमच्या गाडीचं एक्सप्रेसवेवरचंही चलान यादीत आहे. ऐंशी मिनिटांत एक्सप्रेसवेवरून नागपूर कुणालाच शक्य नाही, म्हणजे तुमच्यावरच्या एका चलानानेच दुसरं खोटं ठरवलंय. फोटो मोठा करून बघा. आठाचा तीन किंवा बीचा आठ असा वाचण्यातला घोळ असेल तर गाडीचा रंग किंवा मॉडेल वेगळं दिसेल, मग दोन्ही चलानांच्या प्रती जोडून संकेतस्थळावर तक्रार केली की पुरे. पण गाडी तुमच्यासारखीच असेल आणि नंबरही हुबेहूब तुमचाच असेल, तर कुणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरतंय. मग नुसत्या तक्रारीवर थांबू नका, आरसीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर शोध तुमच्या दारापर्यंत येईल. ते चलान भरू मात्र नका, भरलंत की गाडी तुमची होती असं मान्य केल्यासारखं होईल. आणि गाडी विकण्याआधी हे मिटवा, नाहीतर घेणाऱ्याच्या गळ्यात तेच पडेल.